रोगाचं नाव

मोसंबीला फुलवायचं असेल तर आधी तिला तहानेनं टेकीला आणावं लागतं. मार्गशीर्षात पाणी तोडायचं. झाड गप्प होतं, पानं मऊ पडतात, खालची गळायला लागतात. नवख्या माणसाला वाटतं, गेलं हे. मग माघाच्या तोंडावर एके दिवशी आळ्यात पाणी सोडायचं. तीन आठवड्यांत तेच झाड असं फुलतं की वास बांध ओलांडून रस्त्यापर्यंत जातो. पाणी तोडण्याला आमच्याकडं ताण देणं म्हणतात आणि त्यानंतरच्या फुलण्याला आंबे बहार.

परवा मिरजेहून सांगलीला येताना एका बंगल्याच्या कुंपणाआडून तो वास आला. मी रिक्षा थांबवायला सांगितली.

"काय राहिलं का, मावशी?" रिक्षावाला म्हणाला.

"काही नाही. जरा थांबा फक्त."

तो थांबला. वय झालेल्या बाईला फुलांच्या वासानं गहिवरून येतं, अशी लोकांची समजूत असते. मला गहिवरून येत नाही. मला राग येतो. चांगला मुरलेला, जुना राग. इतक्या वर्षांत तो कमी व्हावा असं मला कधी वाटलेलंही नाही, कारण माझ्या हातून जे थोडंफार धड काम झालं, ते त्याच्याच जोरावर.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मोठा दुष्काळ मागं पडला होता आणि ज्याच्या विहिरीला थोडंफार पाणी होतं तो फळबागेचं बोलू लागला होता. मी पंचविशीची होते. वनस्पतिरोगशास्त्रात एम.एस्सी. करून साताऱ्याच्या एका लहानशा फळ संशोधन केंद्रात कनिष्ठ सहायक म्हणून लागले होते. सांगलीच्या आमच्या गल्लीत ही नोकरी समजावून सांगणं आईला जड जायचं. ती म्हणायची, "झाडांची डॉक्टर आहे." त्यावर कुणीतरी हमखास विचारायचं, "मग माणसांची का नाही झाली?"

केंद्र म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला तीन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक, शे-दीडशे काचेच्या बशा आणि त्या धुवायला मी. सगळ्या केंद्रात मी एकटीच बाई. साहेब मला 'मिस मगदूम' म्हणायचे आणि काम सांगताना माझ्याकडं न बघता कपाटाकडं बघायचे. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती आणि ती बिनबोभाट जावीत एवढंच त्यांचं मागणं होतं. पण बिनबोभाट जगू पाहणाऱ्या माणसाकडून किती नुकसान होऊ शकतं, ते मी त्या एका हंगामात पाहिलं.

मार्गशीर्षाच्या सुरुवातीला एका सकाळी एक बाई आत आली. चाळिशीची, काटक, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. हातात ॲल्युमिनियमचा डबा. तिनं तो साहेबांच्या टेबलावर ठेवून उघडला. आत ओल्या फडक्यात मोसंबीच्या चार डहाळ्या होत्या. पानांवर पिवळेजर्द ठिपके होते, शिरांच्या कडेनं पसरलेले, जणू हिरव्या कापडावर हळदीचा हात पुसला होता.

ही हौसाबाई. गावात सगळे तिला हौसाक्का म्हणत. कोरेगावच्या पुढं तिचं गाव. नवरा फौजेत हवालदार, तिकडं वर बर्फात. बाग हीच बघायची.

साहेबांनी चष्मा वर न करता सांगितलं, "जस्त कमी आहे. फवारणी करा. शिवाय ताणावर झाडं पिवळी पडतातच."

"ताण आजून दिला न्हाई, साहेब. पाणी परवा तोडनार हाय. आन जस्त दोनदा मारलंय."

"मग तिसऱ्यांदा मारा."

"जस्त कमी आसंल तर जमिनीत कमी आसंल न्हवं?" तिचा आवाज चढलेला नव्हता. "मग एक झाड आजारी आन त्याला खेटून हाय ते ठणठणीत, आसं कसं? दोगांच्या मुळ्या एकाच मातीत हायत."

साहेबांनी फाईल ओढली. "मिस मगदूम, यांना फवारणीचा कागद द्या."

मी कागद दिला. पण तिच्या मागोमाग व्हरांड्यातही गेले. पाच वर्षं पुस्तकं वाचून मला जो प्रश्न सुचला नसता तो या बाईनं उभ्या उभ्या विचारला होता, आणि त्याचं उत्तर न देता तिला कागद देऊन वाटेला लावलं होतं.

"अक्का, बाग बघायला येऊ का?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आदी बी दोगं येतो म्हनून गेल्यात."

"मी रविवारी येते."

"या. ईस्टीतनं उतरल्यावर कुनालाबी इचारा."

मी गेले. जरंडेश्वराचा डोंगर डाव्या अंगाला घेत एस.टी. चालली होती. शाळू पोटऱ्यात आला होता, हरभऱ्याच्या पानांवरचं दव अजून वाळायचं होतं. हौसाक्कानं चहासुद्धा विचारला नाही, सरळ बागेत नेलं. नव्वद झाडं होती. कुठलं झाड कधी आणि कुठून आलं ते तिला लेकरांच्या जन्मासारखं पाठ होतं.

"ह्या पाच वळी सासऱ्यानं आनल्या. त्यातलं एक बी बिघडल्यालं न्हाई. ह्या पल्याडच्या चार वळी नंतर लावल्या. त्या मोठ्या रोपवाटिकेची गाडी आल्ती. चाळीस कलमं."

आजारी झाडं मी मोजली. अठ्ठावीस. सगळीच्या सगळी त्या चार वळींत. सासऱ्यांनी आणलेल्या ओळींत ठिपक्याचं एक पान सापडेना. माती तीच, पाणी तेच, खत तेच. रोग जमिनीतून आलेला नव्हता, तो गाडीत बसून आला होता.

बांधावर बसून मी तिला विषाणू म्हणजे काय ते सांगायचा प्रयत्न केला.

"दिसतो का त्यो?"

"नाही. आमच्या केंद्रातल्या सूक्ष्मदर्शकातूनसुद्धा नाही."

"मग हाय कशावरनं?"

"आजारी झाडाचा डोळा काढून धडधाकट रोपावर भरायचा. ते रोप आजारी पडलं, तर डोळ्यातून काहीतरी त्याच्यात गेलं."

ती म्हणाली, "इरजनासारखं. थेंब टाकला की समदं दूध फिरतं."

त्यानंतर कित्येक वर्षं मी विद्यार्थ्यांना विषाणू शिकवला. विरजणाहून सोपी आणि नेमकी उपमा मला अजूनही सापडलेली नाही.

प्रयोगासाठी केंद्रात जागा मागितली तर साहेबांनी नाही म्हणून सांगितलं. मग तो हौसाक्काच्या परसात करायचं ठरलं. किडे आत जाणार नाहीत असं जाळीचं घर हवं होतं. हौसाक्कानं नवऱ्याच्या ट्रंकेतून दोन फौजी मच्छरदाण्या काढल्या, हिरव्या, कडक इस्त्रीच्या.

"हिच्या भोकांतून मावा आरामात जाईल, अक्का," मी म्हटलं.

तिनं जुनी धोतरं फाडली आणि दोन दिवसांत आतून अस्तर शिवून टाकलं. वर्तमानपत्राच्या कागदाएवढं उजेडाला पातळ आणि किड्याला घट्ट. मी पुढं परदेशी काचघरं पाहिली. त्या दोन मच्छरदाण्यांइतका विश्वास मला त्यांच्याबद्दल वाटला नाही.

तीन प्रकारची रोपं घेतली: मोसंबी, कागदी लिंबू आणि जंबेरी, म्हणजे ज्याच्या रोपांवर मोसंबीची कलमं बांधतात ते रानटी लिंबू. प्रत्येकाची आठ. चारांवर आजारी झाडाचा डोळा, चारांवर निरोगी झाडाचा. कागदी लिंबू मुद्दाम घेतलं होतं. लिंबूवर्गातल्या झाडांचा एक जुना, बदनाम विषाणू आहे, ट्रिस्टेझा नावाचा. तो असला तर कागदी लिंबाच्या पानांच्या शिरा जागोजागी फिकट, पारदर्शक होतात. म्हणजे लिंबू आपल्याला सांगणार होतं, हा तोच जुना चोर आहे का दुसरा कुणी.

डोळे भरायला मी पाती हातात घेतली तेव्हा हौसाक्कानं माझी दोन रोपं होईपर्यंत पाहिलं आणि पाती माझ्याकडून काढून घेतली. "तुमी लिवून घ्या," ती म्हणाली. सालीला काप देऊन तिनं अंगठ्याच्या नखानं डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला अंकुर, आत सरकवला, वरून पट्टी बांधली. तिच्या हातच्या बावीस डोळ्यांपैकी एकही वाया गेला नाही. माझ्या हातचे दोन्ही वाळले, ते काढून तिनं पुन्हा भरले.

मग वाट पाहणं आलं. बाहेर बाग ताणावर होती आणि मीही. दर रविवारी मी पहिली एस.टी. धरायची, रोपं बघायची, वहीत लिहायचं, दुपारच्या गाडीनं परतायचं. आठवडाभर केंद्रात बशा धुवायच्या. कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं, आणि मला लेखी विचारणा आली की सुट्टीच्या दिवशी परवानगीविना शेतकऱ्यांना भेटी का देता. मी लेखीच उत्तर दिलं, की सुट्टीचा दिवस माझा आहे. त्या वयात असं एखादं वाक्य लिहिलं की दोन दिवस भूक चांगली लागायची.

पानांचा रस काढून मी तो चवळीच्या, तंबाखूच्या आणि चाकवताच्या रोपांवर चोळूनही पाहिला. कित्येक विषाणू चाकवताच्या पानावर ठिपक्यांनी आपली ओळख पटवतात. आमच्या चाकवतावर काही म्हणता काही उमटलं नाही. तीनदा लावला, तीनदा कोरा. तिसऱ्या वेळी ज्या वाफ्याला रस लावलाच नव्हता तिथला चाकवत खुडून हौसाक्कानं ताकातली भाजी केली. भाकरी मोडत ती म्हणाली, "तुमचं शास्त्र चवीला बरं हाय."

त्याच दिवसांत आईचं पत्र आलं. मिरजेचा मुलगा, इंजिनिअर. रविवारी बघायला येणार आहेत. मी कळवलं, रविवारी जमणार नाही. दुसऱ्या पत्रात तिनं लिहिलं, त्या लोकांनी विचारलं की मुलीला रविवारी असं काय काम असतं. आई काय सांगणार होती? मोसंबीच्या रोपांना पालवी फुटते का बघायला जाते, हे तिला स्वतःलाच पटत नव्हतं. ते स्थळ गेलं. दुसरी आली, तीही गेली. त्याचं दुःख मला सांगावंसं वाटत नाही, कारण लोक समजतात तेवढं ते मोठं नव्हतं.

माघाच्या सुरुवातीला बागेत पाणी सोडलं. तिसऱ्या आठवड्यात कोरेगावच्या गाडीचा कंडक्टर केंद्राच्या दारात आला. "हौसाक्काचा निरोप आहे. रोपांवर ठिपके आलेत. लवकर बोलवलंय."

रविवारची वाट न बघता मी निघाले. बाग फुलली होती. त्या वासातून चालताना श्वास जड होत होता, मधमाश्यांचा आवाज डोक्याच्या वर सारखा चालू होता. मच्छरदाणीचा पडदा वर केला. आजारी डोळा भरलेल्या चारही मोसंबींच्या कोवळ्या पालवीवर तोच हळदीचा हात पुसलेला होता. निरोगी डोळ्याच्या चार मोसंबी स्वच्छ. जंबेरीवर पुसटसं काही होतं, नव्हतं. आणि कागदी लिंबाची आठही रोपं कोरी करकरीत. शिरा उजेडात धरून पाहिल्या, भिंगातून पाहिल्या. काही नाही.

म्हणजे विषाणू होता, आणि तो ट्रिस्टेझा नव्हता.

"आता ह्यावर औशद?" हौसाक्कानं विचारलं.

हे सांगायची वेळ येणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी तो दिवस रोज पुढं ढकलला होता. "औषध नाही, अक्का. झाड काढून जाळायचं, एवढंच."

तिनं फुललेल्या चार वळींकडं पाहिलं. पाचव्या वर्षातली झाडं, पहिलाच मोठा बहार.

"आधी पुण्याला नमुना नेऊन खात्री करते," मी घाईघाईनं म्हटलं. "तोवर थांबा."

"तुमची खात्री येस्तवर ह्याच्यावरची कीड त्याच्यावर गेली तर? सासऱ्याच्या वळी हायत की पल्याड."

ती घरात गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली. दोन भावकीतली माणसं बोलावली. फुललेलं झाड तोडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. झाड आडवं पडलं तरी मधमाश्या उठत नव्हत्या. आडव्या फांदीवरच्या फुलांत त्या तशाच शिरत होत्या. एकजण म्हणाला, "आक्का, निदान ह्यो बहार तरी धरू द्या की. फळं आल्यावर तोडू." तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. एक झाड तेवढं पुण्याच्या नमुन्यासाठी मच्छरदाणीखाली ठेवलं. बाकी सत्तावीस संध्याकाळपर्यंत पडली. शेवटच्या झाडाच्या बुंध्याची साल मी सोलून पाहिली. ट्रिस्टेझाच्या झाडाला आत खाचा सापडतात. इथं लाकूड गुळगुळीत होतं.

साहेबांना मी वही दाखवली. त्यांनी ती पहिल्यांदाच नीट वाचली.

"ट्रिस्टेझा आहे, असं लिहा," ते म्हणाले.

"कागदी लिंबावर काहीच नाही, सर. लाकडात खाचाही नाहीत."

"असतो कधी कधी सौम्य प्रकार. मिस मगदूम, नवा विषाणू म्हणजे काय मंडईतली भाजी आहे का, गेलं आणि आणलं? ज्ञात असलेल्या नावात बसवून टाका. कुणाला त्रास नाही."

वर्गीकरण म्हणजे प्रत्येक गोष्ट मुकाट आपापल्या खणात बसवणं, असं माझ्या शिक्षकांनीही मला शिकवलं होतं. त्या दिवशी मला कळलं की एखादी गोष्ट चुकीच्या खणात घालणं ही खोटं बोलण्याची सर्वांत सोयीची रीत आहे. जुना रोग म्हटलं की कुणी विचारणार नव्हतं तो आला कुठून. तो सगळीकडंच असतो. नवा म्हटलं की कुणीतरी त्या गाडीपर्यंत जाणार होतं, आणि ती गाडी चार तालुक्यांत फिरली होती.

मी किरकोळ रजा टाकली. बर्फ घातलेल्या थर्मासात पानं घेऊन पुण्याला एका संस्थेत गेले. तिथं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होता. तो चालवणाऱ्या गृहस्थांनी दोन दिवस आशा दाखवली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी एक काळापांढरा फोटो माझ्यासमोर ठेवला. ट्रिस्टेझाचे कण लांब, वाकडेतिकडे दोरे असतात. या फोटोत आखूड कांड्या होत्या, दोन्ही टोकांना गोल. ते गृहस्थ म्हणाले, "मी मोसंबीत हे पाहिलेलं नाही." मी फोटो दोन पुठ्ठ्यांत बांधून छातीशी धरला आणि साताऱ्याला न उतरता तशीच कोरेगावला गेले.

हौसाक्कानं फोटो उन्हाकडं केला. "हे तर गव्हलं," ती म्हणाली.

खरोखर गव्हलेच. लग्नघरी बायका खिरीसाठी बोटांवर वळतात, अगदी तसेच. इतके दिवस जो दिसत नव्हता तो असा घरच्या सुपात असल्यासारखा पसरलेला होता. ती बराच वेळ बघत राहिली. "एवडंसं हाय," ती म्हणाली, "आन सत्तावीस झाडं खाल्ली."

आता साहेबांना उत्साह आला. फोटोला नाही म्हणता येत नव्हतं. चैत्रात अहवालाचा मसुदा तयार झाला. पहिलं नाव साहेबांचं, माझं शेवटी आभारात. त्याचं मला फारसं वाटलं नाही, तशी सवय होती. पण विषाणूच्या नावाशी मी थांबले. त्यांनी विषाणूला हौसाक्काच्या गावाचं नाव दिलं होतं. गावाचं नाव, पुढं 'मोसंबी विषाणू'.

ते गाव मी इथंही लिहीत नाही.

मी हौसाक्काला सांगितलं, ते माझं कर्तव्य होतं. दुसऱ्या दिवशी ती केंद्रात हजर. या वेळी डबा नव्हता.

"साहेब, आमच्या गावाचं नाव रोगाला देताय म्हनं."

"अहो, तशी पद्धत आहे. जिथं पहिल्यांदा सापडतो त्या ठिकाणाचं नाव देतात. मानच आहे तो गावाचा."

"सापडला आमच्याकडं. आला कुटनं?"

साहेबांनी मसुद्याची पानं सारखी केली.

"रोग आमी केला न्हाई. आमी पैसं मोजून झाडं आनली आन तोडून जाळली. उद्या आमच्या गावचं फळ बाजारात गेलं तर लोक म्हनतील, ह्ये त्या रोगाच्या गावचं. आमच्या पोरी नांदायला जात्यात तितं काय म्हनतील? ज्यानं आनला त्याचं नाव द्या की. रोपवाटिकेचं द्या."

"तसं करता येत नाही, बाई."

"का?"

साधा, दोन अक्षरांचासुद्धा नसलेला प्रश्न. साहेबांनी पेन उचललं, टोपण लावलं, काढलं. "त्यांच्या कलमांची योजना वरून मंजूर आहे," ते शेवटी म्हणाले. "तुम्हाला नाही कळायचं."

"कळलं," हौसाक्का म्हणाली. "आजून बसायचं काम न्हाई."

ती गेली. साहेब माझ्याकडं वळले. आज पहिल्यांदाच ते कपाटाकडं न बघता माझ्याकडं बघत होते. "तुम्ही तिला पढवून आणलंत."

"नाही, सर. तिला पढवायला लागत नाही."

"मसुद्याच्या नकला उद्या टंकनाला जातील. नोंदवह्या आणि तो फोटो माझ्याकडं जमा करा."

"नावातून गाव काढल्याशिवाय नाही. आणि आजारी झाडं सगळी एकाच ठिकाणाहून आलेल्या कलमांची होती, हे वाक्य आत गेल्याशिवाय नाही."

"मिस मगदूम, हा हट्ट आहे."

"हो."

याच्यापुढं मी काय बोलणार होते ते मी बसमध्ये कितीदा घोकलं होतं, शास्त्राची नीती, शेतकऱ्याचा हक्क वगैरे. त्यातलं काहीच बोलले नाही. 'हो' म्हटलं आणि पुरलं.

तीन आठवडे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. वह्या माझ्या खोलीत, गादीखाली. शेवटी नावातून गाव निघालं. विषाणूला लक्षणाचं नाव मिळालं, पिवळ्या ठिपक्याचं, जसं पुष्कळांना असतं. रोपवाटिकेचं नाव आलं नाही. 'बाहेरून आणलेल्या कलमांच्या ओळींतच आढळ' एवढं अर्धं वाक्य आलं. अर्ध्या वाक्यासाठी मी वह्या दिल्या. ते चूक केलं का बरोबर, याचा निवाडा मी अजून केलेला नाही. काही दिवशी वाटतं, आणखी ताणायला हवं होतं. काही दिवशी त्या अर्ध्या वाक्याकडं बघून बरं वाटतं.

जून उजाडण्याआधी माझी बदली झाली, सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेला, जतेकडं. तिथं फळबागा नावाला होत्या. लोक मेंढरं राखणारे, बोलण्यात निम्मी कानडी. मला मुद्दाम तिथं टाकलं होतं, जिथं झाडच नाही तिथं झाडाचा रोग कुठून सापडणार. जायच्या आधी हौसाक्काला भेटायला गेले. ती चार वळींतल्या मोकळ्या झालेल्या जागांचे खड्डे भरून घेत होती. सासऱ्यांच्या झाडांचे डोळे घेऊन तिनं स्वतःच रोपं बांधायला घेतली होती. "गाडी परत आल्ती," ती म्हणाली. "फुकट देतो म्हनाला, बदली झाडं. मी म्हनलं, घिऊन जा." आणि मातीचा हात पदराला पुसून तिनं मला कुंकू लावलं.

जतेत मला दोन वर्षं काहीच काम नव्हतं. कार्यालयाच्या दारात बसलं की समोर मैलभर नुसता माळ. अहवाल छापून आला होता, त्याची एक प्रत मला टपालानं मिळाली. तो कुणी वाचला, मला माहीत नाही. रोपवाटिका चालूच होती.

तिसऱ्या वर्षी थंडीत एक धनगर म्हातारा आला. खांद्यावर घोंगडं, कडेला पोत्यात गुंडाळलेली लिंबाची चार कलमं. मेंढरं थोडी कमी करून, विहिरीच्या कडेला दहा-वीस लिंबं लावायचं म्हणत होता. कलमं विकत घेतली होती, लावली नव्हती.

"का लावली नाहीत?" मी विचारलं.

"ह्यांची पानं तपासून घ्याची हाईत. तपासल्याबिगर लावायची न्हाईत."

"असं कुणी सांगितलं?"

"मेंढरं घेऊन वर कोरेगावाकडं गेल्तो. तितं बायका म्हनत हुत्या. कोन एक बाई हाय म्हनं तिकडं." त्यानं पोतं जमिनीवर ठेवलं. "ती म्हनती, साहेब काय बी म्हनू दे, आदी पान बघायचं."

मी उठले. त्याच्या पोत्यातलं पहिलं कलम घेतलं आणि उन्हात नेलं.